सीमाभागातून जर्मनीत शिकायला जाताना : कागद, खोली, भाषा आणि पहिले सत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून मास्टर्ससाठी जर्मनीला निघालेल्या मुलामुलींचे फोन मला दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये येऊ लागतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न सामानाच्या वजनाचा असतो. प्रश्न रास्तच आहे. परंतु मी स्वतः खानापूर तालुक्यातून केमनित्स या शहरात शिकायला गेलो, तेव्हा मला अडवले ते बॅगेच्या वजनाने नव्हे, तर कागदांच्या क्रमाने. तिथे एक कागद हातात आल्याशिवाय दुसरा मिळत नाही, दुसऱ्याशिवाय तिसरा मिळत नाही, आणि ही साखळी मध्येच तुटली असेल तर ते आपल्याला तीन-चार आठवड्यांनी टपालाने कळते. म्हणून हा लेख मी त्या क्रमानेच लिहीत आहे. यातल्या रकमा अधूनमधून वाढतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी त्या संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्याव्यात.

निघण्यापूर्वी : नाव, गाव आणि पैसे

आपल्या भागातील विद्यार्थ्यांची एक अडचण पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. आपले नाव शाळेच्या दाखल्यावर मराठीत असते, जन्मदाखल्यावर कन्नडमध्ये असते, एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गुणपत्रिकेवर इंग्रजीत असते. कुठे आडनाव आधी येते, कुठे शेवटी, कुठे वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर असते, आणि प्रत्येक वेळी कारकुनाने जसे ऐकले तसे ते लिहिलेले असते. त्यातच १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेलगाम’ऐवजी ‘बेळगावी’ झाले, त्यामुळे त्यापूर्वी जन्मलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर एक गाव आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर दुसरे गाव दिसते. जर्मनीत पासपोर्टवरचे नाव हेच तुमचे नाव. म्हणून विद्यापीठाचा अर्ज, बँक, विमा आणि विमानाचे तिकीट या सर्व ठिकाणी ते अक्षरशः जसेच्या तसे लिहावे. जुन्या कागदांवर फरक असल्यास ‘ही एकच व्यक्ती आहे’ असे इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवावे. पासपोर्टमधील आडनावाचा रकाना रिकामा असेल तर इतर कशालाही हात लावण्यापूर्वी तो दुरुस्त करून घ्यावा, कारण पुढचा प्रत्येक कागद त्या रकान्यावर उभा राहणार आहे.

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या अर्जासाठी एपीएस प्रमाणपत्र लागते. तुमच्या गुणपत्रिका आणि पदवी खरी आहे याची ही पडताळणी असून तिला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या सत्राचा निकाल लागण्याची वाट न पाहता तिची तयारी सुरू करावी. व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या, विद्यार्थ्यांना त्यातल्या त्यात एक सोय आहे : विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावनजीक मच्छेजवळच्या ज्ञानसंगम आवारात असल्यामुळे एखादा कागद अडकला तर समक्ष जाऊन चौकशी करता येते. ज्यांनी पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून घेतली, त्यांचा गोंधळ वेगळाच असतो. शिक्षण महाराष्ट्रात झाले म्हणून व्हिसाचा अर्जही मुंबईला करावा, असे त्यांना वाटते. परंतु अर्ज कुठे करायचा हे राहत्या पत्त्यावरून ठरते आणि कर्नाटकातील रहिवाशांसाठी ते ठिकाण बेंगळूर आहे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी पोहोचता येते. मात्र अपॉइंटमेंट त्याच दिवशी सकाळी लवकर असेल तर एक दिवस आधी जाऊन राहावे.

पैशांचा मोठा भाग म्हणजे ब्लॉक अकाउंट. जर्मनीत वर्षभर राहण्याचा खर्च आपण करू शकतो हे दाखवण्यासाठी ११,९०४ युरो आधीच भरून ठेवावे लागतात, आणि तिथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो आपल्या हाती येतात. एक युरो शंभर रुपये धरला तरी ही रक्कम अकरा लाख नव्वद हजारांच्या घरात जाते, तेव्हा घरात याविषयी वेळेवर आणि मोकळेपणाने बोलणे आवश्यक आहे. ऊस गेल्यावर किंवा तंबाखूचे पैसे आल्यावर बघू, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु व्हिसाची तारीख कारखान्याच्या बिलाची वाट पाहत नाही. पैसे शैक्षणिक कर्जातून न येता घरातून जाणार असतील, तर एका आर्थिक वर्षात दहा लाखांपलीकडे पाठवलेल्या रकमेवर बँक टीसीएस नावाचा आगाऊ कर कापते. तो ज्याच्या नावावर कापला त्याला आयकर विवरणपत्रात परत धरता येतो, म्हणून त्याची पावती जपून ठेवावी.

आता सामान. जर्मनीतही वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त प्लगची पिन निराळी असते. त्यामुळे दोन साधे अडॅप्टर पुरतात. प्रेशर कुकर नेणार असाल तर तो इंडक्शनवर चालणारा आहे ना, हे पाहावे. संकेश्वरी मिरचीचे तिखट, शेंगाचटणी, कोरडे मसाले आणि घरची ज्वारी दळून पिशवीभर पीठ अवश्य न्यावे. परंतु युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. म्हणजे कुंदा नाही, पेढे नाहीत आणि आजीने कढवलेले तूपही नाही. ताजा कढीपत्ता आणि आंबे यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, जे आपल्यापाशी नसते. कस्टमच्या टेबलावर कुंद्याचा डबा कचऱ्यात पडताना पाहणे फार वाईट असते. त्यापेक्षा तो बेळगावच्या सांबरा विमानतळावर निरोप द्यायला आलेल्यांच्या हाती ठेवावा. नेहमीची औषधे मात्र तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत, कारण तिथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

पहिले पंधरा दिवस

खोली नक्की झाल्यावर पहिले काम म्हणजे पत्त्याची नोंदणी, जिला तिथे आनमेल्डुंग म्हणतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात ती करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाने सही केलेले, ‘ही व्यक्ती माझ्या घरात राहायला आली आहे’ अशा अर्थाचे पत्र लागते. केवळ भाडेकरार दाखवून चालत नाही. या नोंदणीची अपॉइंटमेंट मोठ्या शहरांत लवकर मिळत नाही, म्हणून पत्ता कळताच, शक्य तर भारतात असतानाच ती ऑनलाइन घेऊन ठेवावी.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत कर-क्रमांक टपालाने येतो. नोकरी करायची तर तो लागतो. नोंदणीचा कागद घेऊन बँकेत चालू खाते उघडायचे, ते खाते ब्लॉक अकाउंटला जोडायचे, म्हणजे दरमहाचे पैसे सुरू होतात. त्यानंतर परदेशी नागरिक कार्यालयात निवास-परवान्याचा अर्ज करायचा. व्हिसा हा केवळ आत येण्यापुरता आणि सुरुवातीच्या काही महिन्यांपुरता असतो. त्यावरील शेवटची तारीख मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी आणि परवान्याचा अर्ज तिच्या किमान दोन महिने आधी करावा.

या सगळ्यात एक अगदी लहान गोष्ट आहे, जिने माझा एक महिना खाल्ला. जर्मनीत टपालपेटीवर तुमचे आडनाव चिकटवलेले नसेल, तर पोस्टमन पत्र टाकत नाही, ते परत पाठवतो. बँकेचे कार्ड, त्याचा पिन, विम्याचे कार्ड आणि कर-क्रमांक ही चारही पत्रे माझ्यासाठी निघाली आणि माघारी गेली, आणि मी मात्र कार्यालयांना दोष देत बसलो. चावी मिळाल्यावर पहिल्या तासात कागदाच्या पट्टीवर पासपोर्टप्रमाणे आडनाव लिहून पेटीवर आणि दारावरच्या घंटीपाशी लावावे. आलेले प्रत्येक सरकारी पत्र, ते कितीही किरकोळ वाटले तरी, उघडून वाचून एका फाइलमध्ये तारखेनुसार ठेवावे.

आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठ प्रवेश पक्का करत नाही. तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना सार्वजनिक विमा सवलतीच्या दरात मिळतो आणि तो घेणेच शहाणपणाचे आहे. सुरुवातीला खाजगी विमा स्वस्त दिसतो, परंतु एकदा त्या वाटेने गेल्यावर शिक्षण चालू असताना सहसा सार्वजनिक विम्यात परतता येत नाही. भारतातून निघाल्यापासून विद्यापीठात नाव लागेपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवासी विमा वेगळा घ्यावा. आपत्कालीन रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांसाठी ११२, पोलिसांसाठी ११० आणि दवाखाने बंद असताना साध्या आजारपणासाठी ११६११७ हे क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवावेत.

खोली

विद्यार्थी वसतिगृहे चालवणारी स्टुडिएरेंडेनवेर्क नावाची संस्था प्रत्येक विद्यापीठ शहरासाठी असते. प्रवेशपत्र हातात आले त्याच संध्याकाळी तिच्याकडे अर्ज करावा, व्हिसाची वाट पाहू नये, कारण यादी लांब असते. खाजगी खोली शोधताना भाड्याचे दोन आकडे समजून घ्यावेत : काल्टमिटे म्हणजे नुसत्या जागेचे भाडे आणि वार्ममिटे म्हणजे पाणी, हीटिंग वगैरे धरून भाडे; तुमच्या हिशेबात दुसरा आकडा यायला हवा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमिटेइतकी घेता येते. ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असे सांगणारा माणूस घरमालक नसतो. आमच्या भागातल्या एका मुलाचे घरून निघण्याआधीच साठ हजार रुपये अशा माणसाने नेले, आणि त्याच्या वडिलांनी ते सोसायटीतून उचललेले होते. खोली पाहिल्याशिवाय किंवा ओळखीच्या कोणी समक्ष पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नये.

खोलीत शिरताच भिंती, फरशी, खिडक्या आणि शेगडी यांचे फोटो काढावेत. सोडताना अनामतीचा वाद झाला तर तेच कामी येतात. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे खिडकी सताड उघडावी, नाहीतर भिंतीवर बुरशी धरते आणि तिचा खर्च तुमच्या अनामतीतून जातो. फोडणी देताना धूर वर गेला की छतावरचा अलार्म वाजतो, तेव्हा मिरची परतण्याआधी खिडकी उघडलेली असावी. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारचा संपूर्ण दिवस शांततेचा मानला जातो. रविवारी दुकानेही बंद असतात, म्हणून शनिवारीच भाजी आणावी. टीव्ही-रेडिओसाठी घरामागे दरमहा १८.३६ युरो आकारले जातात. तुमच्याकडे टीव्ही नसला तरी ते द्यावे लागतात, परंतु चौघे एका घरात राहत असाल तर ते एकानेच भरायचे आणि आपसांत वाटून घ्यायचे.

भाषा : ज्यात आपण पुढे आहोत

अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून जर्मन शिकायची गरज नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. वर्गापुरते ते खरे आहे. नगर कार्यालय, घरमालक, दवाखाना आणि अर्धवेळ नोकरी या चारही ठिकाणी मात्र ते खोटे ठरते. निदान ए-वन ही जर्मनची पहिली पातळी भारतातच पूर्ण करून जावे, आणि पहिल्या सत्रात विद्यापीठाच्या भाषा केंद्रातील वर्गात नाव घालावे.

इथे मला सीमाभागातल्या मुलांना मनापासून काही सांगायचे आहे. आपण घरी मराठी बोललो, तहसीलदार कार्यालयातला फॉर्म कन्नडमध्ये भरला, बसवरची पाटी कन्नडमध्ये वाचली, बाजारात हिंदी बोललो आणि कॉलेजात इंग्रजीत परीक्षा दिली. खिडकीपलीकडच्या माणसाची भाषा आपली नाही, तरी काम तर करून घ्यायचे आहे, हा अनुभव आपल्याला लहानपणापासून आहे. पुण्याहून आलेला माझा एक वर्गमित्र जर्मन कार्यालयात पहिल्या दिवशी गोठून गेला होता. मी मात्र चिकोडीच्या आजोळी, कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांत जसा अर्ध्या शब्दांवर आणि हातवाऱ्यांवर निभावून नेत असे, तसाच तिथे निभावून गेलो. चुकीचे बोलण्याची लाज न वाटणे ही भाषा शिकणाऱ्याची मोठी ठेव आहे, आणि ती आपल्याजवळ आहे.

मराठीही तिथे चांगली कामाला येते. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत म्हणून इंग्रजीतून शिकणारे घाबरतात. आपण तर तो, ती, ते म्हणतच वाढलो. मूल, घर आणि पुस्तक हे तिन्ही शब्द मराठीप्रमाणे जर्मनमध्येही नपुंसकलिंगी आहेत आणि भाषा हा शब्द दोन्हीकडे स्त्रीलिंगी आहे. सगळे शब्द असे जुळत नाहीत, सूर्य तिथे स्त्रीलिंगी आहे. पण निर्जीव वस्तूला लिंग असते हे मनाला पटवावे लागत नाही. एकवीस म्हणताना आपण आधी एक आणि मग वीस म्हणतो, जर्मनही तसेच म्हणतात. ‘तो आला नाही कारण तो आजारी होता’ या वाक्यातले ‘होता’ जसे शेवटी येते, तसे जर्मन उपवाक्यातले क्रियापदही शेवटी जाते. तू आणि तुम्ही यांतला फरक तिथे डू आणि झी या शब्दांनी केला जातो. समोरच्याने स्वतः सांगेपर्यंत प्राध्यापक, कारकून आणि अनोळखी माणूस या सर्वांना झी म्हणावे. म्हणून जर्मन शिकताना शब्दांचे अर्थ वहीत इंग्रजीत न लिहिता मराठीत लिहून पाहावेत. मला त्याचा फार उपयोग झाला.

वर्ग आणि परीक्षा

हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते आणि तासिका साधारण ऑक्टोबरच्या मध्याला. वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी. टी.’ असे लिहिले असेल तर तास पंधरा मिनिटे उशिरा सुरू होतो, आणि ‘एस. टी.’ असेल तर अगदी ठोक्याला. हजेरी बहुतेक विषयांत घेत नाहीत, आणि आपली मुले फसतात ती येथेच. आपल्याकडे इंटर्नल गुण असतात, शिक्षक ओरडतात, वर्षभर कोणीतरी मागे लागलेले असते. तिथे अनेक विषयांत सत्राच्या शेवटी होणारी एकच परीक्षा सगळे ठरवते. एका सत्रात साधारण ३० क्रेडिट धरलेले असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते, म्हणजे तासिका आणि स्वतःचा अभ्यास मिळून रोजचा पूर्ण दिवस अभ्यासाचा मानलेला असतो.

परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत परीक्षेच्या बऱ्याच आधी संपते. वर्ग नियमित केले तरी नोंदणी राहिली तर पेपर देता येत नाही. बहुतेक ठिकाणी एका विषयासाठी तीनच संधी असतात आणि तिसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाल्यास त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडावे लागते. आपल्याकडे बॅकलॉग पुढे ढकलण्याची जी सवय लागते, ती विमानात बसण्याआधी सोडावी. गुण उलटे वाचायचे असतात : १.० सर्वांत चांगला आणि ४.० पर्यंत उत्तीर्ण. पहिल्या सत्रात तीस क्रेडिटांचा हट्ट न धरता वीस-बावीस नीट पार पाडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरीचा विषयही त्याच्याशी जोडलेला आहे. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पण पहिल्या सत्रात गोदामातली रात्रपाळी धरणाऱ्यांचे विषय राहिलेले मी पाहिले आहेत. शक्य असेल तर पहिली परीक्षा होऊ द्यावी आणि मग विद्यापीठातच प्रयोगशाळेतले काम मागावे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये सुट्टीत काम केलेले असेल, तर ते अर्जात लपवू नये, ठळकपणे लिहावे. हाताला तेल लागलेल्या विद्यार्थ्याची तिथल्या प्रयोगशाळांना किंमत असते.

ताट आणि माणसे

दुपारी विद्यापीठाच्या मेन्झामध्ये, म्हणजे खानावळीत, स्वस्तात जेवण मिळते आणि शाकाहारी पदार्थही असतात. घरी शिजवायला लाल मसूर कोणत्याही दुकानात मिळतो, खिरीसाठी विकला जाणारा आखूड दाण्याचा तांदूळ मऊ भातासाठी चालतो, आणि क्वार्क नावाचा जो पदार्थ डब्यात मिळतो तो आपल्या चक्क्याला इतका जवळचा आहे की त्यात साखर आणि वेलची घोटली की पाडव्याचे श्रीखंड होते. पाण्याच्या व इतर पेयांच्या एकवार वापराच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते. त्या फेकू नयेत, दुकानातल्या मशीनमध्ये परत द्याव्यात. नळाचे पाणी पिण्यास योग्य असते.

मोठ्या शहरांत मराठी मंडळे आहेत आणि गणपतीत तिथे जरूर जावे. ‘महाराष्ट्रात कुठले?’ असा प्रश्न येतो. बेळगाव म्हटल्यावर थोडे समजावून सांगावे लागते, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. कन्नड बोलणारी मंडळीही उगादीला एकत्र जमतात, आणि आपल्याला दोन्ही पंगतींत बसता येते. माझी पहिली खोली मला धारवाडच्या एका मुलाने शोधून दिली होती. तरीही सगळा वेळ आपल्याच माणसांत घालवला तर भाषा येत नाही, म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ खेळाच्या किंवा गिर्यारोहणाच्या गटासाठी राखून ठेवावी.

डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. खानापूरच्या पावसात आठवडा-आठवडा सूर्य न पाहिलेल्यांनाही तो अंधार जड जातो, कारण इथे पाऊस असला तरी घरात माणसे असतात. दुपारी उजेड असताना अर्धा तास बाहेर चालून यावे. झोप उडाली, जेवण नकोसे झाले किंवा वर्गात जावेसे वाटेना, तर विद्यापीठाच्या मानसशास्त्रीय समुपदेशन केंद्रात जावे. ते विद्यार्थ्यांसाठी मोफत असते, बहुतेक ठिकाणी इंग्रजीतही बोलता येते आणि तिथले बोलणे प्राध्यापकांपर्यंत जात नाही.

घरी फोन करण्याची वेळ ठरवून घ्यावी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती बदलावी. त्या रात्री जर्मनीतली घड्याळे एक तास मागे जातात आणि भारताशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे होते. तिथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात तेव्हा घरी रात्रीचे साडेदहा वाजतात. आईला हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ती जुन्या वेळेला फोन हातात घेऊन बसून राहते.